श्वास आणि यकृताचे चित्र : चुंबकीय अनुस्पंदन-चित्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

शरीर न उघडता त्याचा अंतर्भाग पाहण्याची जी साधने विसाव्या शतकात निर्माण झाली, त्यांचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावांनी आणि यंत्रांच्या सामर्थ्याने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो जरा निराळ्या बाजूने पाहावयाचा आहे. चुंबकीय अनुस्पंदन-चित्रणाने, म्हणजे व्यवहारात ज्यास आपण एम्. आर. आय. म्हणतो त्या पद्धतीने, यकृताचे चित्र घेताना रोग्याचा श्वास आड येतो. हा अडथळा दूर करण्याचे ओझे यंत्राने वाहावयाचे की रोग्याने, या प्रश्नास गेल्या चार-साडेचार दशकांत वेळोवेळी वेगळी उत्तरे मिळाली. यकृत-चित्रणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या ओझ्याच्या अदलाबदलीचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. या अदलाबदलीत भाषेचाही एक वाटा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात पाऊल टाकावे, याचे कारण तेवढेच.

'चित्राची प्रत' हा शब्दप्रयोग पुढे वारंवार येईल. मराठीत 'प्रत' म्हणजे दर्जा, आणि 'प्रत' म्हणजे नक्कल किंवा पोथीही. शरीरातील वस्तूची नक्कल कितपत विश्वसनीय आहे, हाच येथे दर्जाचा प्रश्न असल्यामुळे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात श्वास आणि उदराचे चित्रण यांची गाठ क्ष-किरणांच्या काळातच पडलेली होती. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्याच्या आरंभीच्या अंकांत उड्डियान आणि नौली या क्रियांवरील क्ष-किरण प्रयोग प्रसिद्ध झाले. या क्रियांच्या वेळी मोठ्या आतड्यातील द्रव्याचे स्थान कसे बदलते, याचा शोध त्यांत घेतलेला आहे. उड्डियानासाठी श्वास पूर्णपणे बाहेर टाकून तसेच राहावे लागते, म्हणजे श्वास रोखणे हा त्या प्रयोगाचा पायाच होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेहून कमी दाब निर्माण होतो असे आढळल्यावर कुवलयानंदांनी त्या पोकळीस आपले गुरू परमहंस माधवदास यांचे नाव दिले. क्ष-किरणांचे छायाचित्र अल्पकाळात निघते, आणि कुवलयानंदांचे प्रयोगविषय श्वासाचे अभ्यासी होते. त्यामुळे श्वास हा त्यांच्या दृष्टीने अडथळा नसून अभ्यासाचा विषय होता. पुढे जी पद्धती आली तिच्या ठिकाणी यांपैकी एकही सोय नव्हती.

अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध १९४६ साली ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे लावला व त्याबद्दल त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर सुमारे पाव शतक हे तत्त्व रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहिले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी पाण्याने भरलेल्या दोन नलिकांचे चित्र या तत्त्वाने मिळवून 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. चुंबकीय क्षेत्राचा उतार निरनिराळ्या कोनांत वळवून वस्तूच्या अनेक छाया घ्यावयाच्या आणि त्यांवरून वस्तू उभी करावयाची, अशी त्यांची रीत होती. ही रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तीन दशकांहून अधिक काळाने ती यकृतासाठीच परत येणार आहे. रेमंड डमेडियन यांनी ३ जुलै १९७७ रोजी मानवी छातीचा पहिला छेद घेतला, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले. पीटर मॅन्सफील्ड १९७८ साली नॉटिंगहॅम येथे स्वतःच यंत्रात शिरले व त्यांच्या उदराचा छेद मिळाला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डमेडियन यांना वगळल्यावरून उठलेल्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

यकृताच्या दृष्टीने महत्त्वाचे गाव म्हणजे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन. तेथे जॉन मॅलर्ड यांच्या विभागात एडेलस्टाइन, हचिसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली एक नवी संकेतनपद्धती सिद्ध केली, आणि २८ ऑगस्ट १९८० रोजी एका रुग्णाचे चित्र घेतले. त्यात छातीतील अर्बुद, विकृत यकृत आणि हाडांत पसरलेला कर्करोग या तिन्ही गोष्टी दिसल्या. वैद्यकास उपयोगी पडलेले हे पहिले चित्र मानले जाते. म्हणजे यकृत या इतिहासात अगदी आरंभापासून आहे. मात्र ज्या ॲबर्डीन-पद्धतीने हे यश दिले, तिच्याच पोटी यकृताच्या चित्राचा मुख्य दोषही जन्मास आला.

हा दोष समजून घेण्यासाठी आपल्या सोलापूरच्या मागाचा दृष्टांत घेता येईल, पण तो कोठे तुटतो हेही पाहावे लागेल. चादर विणताना बाण्याचा एकेक धागा पडत जातो आणि नक्षी ओळीओळीने वर येते. ॲबर्डीन-पद्धतीतही चित्राची सामग्री ओळीओळीनेच गोळा होते. एक ओळ काही सहस्रांश सेकंदांत भरते, मात्र पुढची ओळ घेण्यापूर्वी अणुकेंद्रे पूर्वस्थितीवर येण्याची वाट पाहावी लागते. येथवर साम्य आहे. मागावर एक धागा चुकला तर तेवढीच ओळ बिघडते. एम्. आर. आय.च्या सामग्रीतील प्रत्येक ओळ मात्र चित्राचा एखादा पट्टा नसून संपूर्ण चित्राचा एक घटक-स्पंद असते. ज्याप्रमाणे उच्चारलेल्या स्वराचे पृथक्करण करून निरनिराळ्या वारंवारतांचे घटकध्वनी काढता येतात आणि ते पुन्हा मिळवले की स्वर परत मिळतो, त्याचप्रमाणे येथे चित्राचे घटक-स्पंद एकामागून एक मोजले जातात आणि फूरिएच्या गणिताने त्यांची बेरीज केली की चित्र उभे राहते. साहजिकच मोजणी चालू असताना यकृत हलले, तर चूक एका ओळीपुरती न राहता साऱ्या चित्रभर पसरते.

आणि यकृत हलतेच. ते श्वासपटलाला खालून चिकटून असल्यामुळे संथ श्वासोच्छ्वासातही डोक्याकडून पायाकडे सुमारे एक ते दोन सेंटिमीटर सरकते. दीर्घ श्वासात त्याहूनही अधिक. दोन ओळींमध्ये एक सेकंदाचे अंतर आणि एकूण २५६ ओळी धरल्या, तर चित्रास २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. दर चार सेकंदांस एक श्वास या मानाने तेवढ्यात चौसष्ट श्वास होतात. ही हालचाल अनियमित असती तर चित्र केवळ अंधुक झाले असते. परंतु श्वासाला लय असते, आणि लयबद्ध चुकीचे फळ लयबद्धच मिळते. उदराच्या पुढच्या भिंतीतील चरबी या चित्रात तेजस्वी दिसते. तिच्या फिक्या प्रतिकृती कला-संकेतनाच्या दिशेने, म्हणजे ज्या दिशेची मोजणी अशी सावकाश चालते त्या दिशेने, ठराविक अंतरावर उमटतात. वरील उदाहरणात पहिली प्रतिकृती बरोबर ६४ बिंदूंवर, चित्राच्या एकचतुर्थांश रुंदीवर पडेल. यांस पाश्चात्त्य अभ्यासकांनी 'भुते' म्हटले आणि नाव रूढ झाले. भूत यकृतावर पडले तर नसलेली गाठ दिसते, आणि असलेली गाठ त्याखाली झाकलीही जाते.

ऐंशीच्या दशकातील पहिले उपाय रोग्याला त्रास न देण्याचे होते. उदरावर पट्टा बांधून हालचाल कमी करणे, तीच मोजणी अनेकदा करून सरासरी काढणे, चरबीचा प्रकाश दाबून टाकणे (बायडर आणि यंग यांची १९८५ ची पद्धती या वर्गातील), असे ते उपाय. छातीवर हवेची पिशवी बांधून श्वासाची लय टिपावयाची आणि उच्छ्वासाच्या अखेरीस यकृत स्थिरावते तेवढ्याच क्षणांची मोजणी घ्यावयाची, हाही एक मार्ग होता. परंतु त्यात वेळ दुपटी-तिपटीने वाढे. या सर्वांत मला विशेष बुद्धिमान वाटतो तो १९८५ साली बेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला उपाय. त्यांनी श्वास थांबवला नाही आणि वेळही वाढवला नाही. श्वासाच्या कोणत्या अवस्थेत कोणती ओळ मोजावयाची, हा क्रमच त्यांनी असा लावला की साऱ्या मोजणीत जणू एकच अतिसंथ श्वास झाला असे गणितास वाटावे. लय मोडली की भुते विरळ होतात. तेव्हाच्या यंत्रांच्या मर्यादेत याहून सभ्य तोडगा सुचणे कठीण होते.

१९८५-८६ च्या सुमारास गटिंगेन येथे हाजे, फ्राम आणि मातेई यांनी लघुकोनी उत्तेजनाची जलद पद्धती शोधून काढली आणि सारे पारडे फिरले. अणुकेंद्रे पूर्वस्थितीवर येण्याची वाट न पाहता छोट्या धक्क्यांनी मोजणी करता येऊ लागली आणि मिनिटांचे काम काही सेकंदांवर आले. याच सुमारास, १९८६ साली, फ्रायबुर्गच्या हेनिग यांनी एका उत्तेजनात अनेक ओळी मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. चित्र वीस सेकंदांत होणार असेल तर रोग्याने तेवढा वेळ श्वास रोखावा, हे ओघानेच आले. १९९९ साली न्यूयॉर्क येथील रॉफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका श्वासात सबंध यकृताचे त्रिमितीय चित्र घेण्याची पद्धती मांडली व ती जगभर रूढ झाली. चित्रांची प्रत एकदम सुधारली हे निर्विवाद होय. पण या सुधारणेची किंमत सेकंदांच्या हिशोबात रोग्याने द्यावयाची होती.

श्वास कोणत्या अवस्थेत रोखावा याविषयी दोन मते झाली. श्वास आत घेऊन तो अधिक वेळ धरता येतो. बाहेर टाकून धरला तर यकृत दर वेळी अधिक नेमकेपणाने त्याच जागी येते. आपल्या योगपरंपरेस हा भेद नवा नाही. पतंजलीने प्राणायामाच्या विवेचनात बाह्य आणि आभ्यंतर अवस्था निरनिराळ्या सांगितल्या आहेत, आणि हठयोगाच्या ग्रंथांतून पूरक, रेचक, कुंभक ही परिभाषा स्थिर झालेली आहे. मात्र कुंभक हा दीर्घ अभ्यासाने साधावयाचा, आणि एम्. आर. आय.च्या मेजावर तो एका आजारी, घाबरलेल्या माणसाकडून अभ्यासावाचून मागितला जातो, हा फरक डोळ्याआड करता येत नाही.

त्यातही एक विपरीत गोष्ट अशी की ज्याच्या यकृताचे चित्र सर्वांत स्पष्ट हवे, त्यालाच श्वास सर्वांत कमी वेळ धरता येतो. यकृत कठीण होऊन जलोदर झाला की पोटातील पाणी श्वासपटल वर ढकलते आणि दोन वाक्ये बोलतानाही धाप लागते. अशाच यकृतात कर्करोगाची शंका अधिक असते. हा कर्करोग ओळखण्याची एक मुख्य खूण रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृतास सुमारे तीनचतुर्थांश रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, तर या गाठी प्रायः धमनीच्या रक्तावर वाढतात. म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे औषध सोडल्यावर ते धमनीद्वारा यकृतात पोहोचते त्या मोजक्या सेकंदांत घेतलेल्या चित्रात गाठ उजळते. तो क्षण श्वास मोडल्यामुळे हुकला, तर औषध दुसऱ्यांदा दिल्यावाचून तो परत येत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील डॅव्हनपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यकृतासाठी मुद्दाम वापरले जाणारे गॅडॉक्सेटेट हे औषध काही रोग्यांत नेमक्या त्याच क्षणी अल्पकाळ टिकणारा श्वासाचा त्रास निर्माण करते आणि धमनी-अवस्थेचे चित्र बिघडवते. चित्र स्पष्ट करण्यासाठी दिलेल्या औषधानेच श्वास मोडावा, ही या इतिहासातील सर्वांत बोचक घटना म्हणावी लागेल.

येथवर श्वास रोखण्याचा विचार शरीराच्या अंगाने झाला. परंतु रोगी श्वास रोखतो तो कोणी सांगितल्यावर, आणि सांगणे हे भाषेत असते. बोगद्यात निजलेला माणूस तंत्रज्ञाला पाहू शकत नाही. कानांवर यंत्राच्या आवाजापासून रक्षण करणारे आवरण असते. त्यातून येणारा शब्द हाच काय तो दुवा. तो शब्द कोणता असावा?

मराठीत 'श्वास' हा तत्सम, पुस्तकी वळणाचा शब्द आहे. बोलण्यात त्याच्या जोडीला 'दम' हा फारसीतून आलेला शब्द नांदतो, आणि श्वासाचे सुखदुःख ग्रामीण माणूस त्याच शब्दाने सांगतो : दम लागतो, दम कोंडतो, दम उखडतो. पण आज्ञार्थात तो शब्द हातून निसटतो. 'दम धरा' म्हणजे धीर धरा, 'दम घ्या' म्हणजे विसावा घ्या. म्हणून 'श्वास' शब्दावाचून गत्यंतर नाही. त्यातही 'श्वास घ्या' या वाक्याचे दोन अर्थ होतात, एकदा खोल श्वास आत ओढा आणि नेहमीसारखा श्वासोच्छ्वास सुरू करा. तंत्रज्ञ हे वाक्य मोजणीच्या आरंभी पहिल्या अर्थाने वापरतो आणि शेवटी दुसऱ्या. 'श्वास सोडा, थांबा' या आज्ञेत काय थांबवावयाचे हे अध्याहृत आहे. पुष्कळ माणसे श्वास सोडतात, मग धरण्यापूर्वी सवयीने पुन्हा एक घोट हवा आत घेतात, आणि यकृत ठरलेल्या जागेवरून सरकते. 'रोखा' आणि 'रोखून धरा' यांतही अंतर आहे. 'रोखा' ही क्षणात संपणारी क्रिया; 'धरणे' हे सहायक क्रियापद जोडले की ती टिकवावयाची ठरते. 'लावून धरणे', 'ओढून धरणे' यांतही तीच छटा आढळते. वीस सेकंदांचा काळ संयुक्त क्रियापदानेच व्यक्त होतो. व्याकरणाच्या तासात शुष्क वाटणारा हा विषय यकृताच्या चित्रावर परिणाम करू शकतो, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगे आहे.

सोलापुरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पद्मशाली विणकरांच्या वस्तीत घरची भाषा तेलुगू. अक्कलकोटकडील आणि शहरातीलही अनेक कुटुंबांत कन्नड. शिवाय दखनी बोलणारा मोठा समाज. यांपैकी बहुतेकांना बाजारापुरती मराठी उत्तम येते. पण बाजाराची भाषा आणि भीतीच्या क्षणी शरीराने ऐकावयाची भाषा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. कन्नडात श्वास म्हणजे 'उसिरु'. त्याचा सगोत्र तमिळ शब्द 'उयिर' हा थेट 'प्राण' या अर्थाचा आहे. तेलुगूत 'ऊपिरि', आणि श्वास रोखण्यासाठी 'ऊपिरि बिगबट्टु' असा बांधीव प्रयोग रूढ आहे. त्यात घट्ट धरण्याचा भाव मूळचाच असल्यामुळे आज्ञेसाठी तो मला मराठीपेक्षाही नेमका वाटतो. रोग्यास आत नेण्यापूर्वी त्याच्या घरच्या भाषेत दोन वेळा सराव करून घेतला, तर त्यास खर्च काहीच येत नाही.

यंत्राने ओझे परत घेण्याचा काळ नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. मेयो क्लिनिकमधील एमन आणि फेल्मली यांनी १९८९ साली दिग्दर्शक प्रतिध्वनीची कल्पना मांडली. तीतून पुढे मुख्य मोजणीच्या मध्ये श्वासपटलाची जागा क्षणभर पाहून सामग्री स्वीकारावी की टाकावी हे ठरवता येऊ लागले. अनेक ग्राहक-वेटोळी एकाच वेळी वापरून मोजावयाच्या ओळीच कमी करण्याच्या रीती १९९७ साली बोस्टन येथे सोडिक्सन आणि मॅनिंग यांनी व १९९९ साली झुरिच येथे प्रुसमन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केल्या. वीस सेकंदांचे काम दहावर येऊ लागले. मग लॉटरबरची कोनाकोनांतील रीत परत आली. तीत प्रत्येक रेषा केंद्रातून जात असल्यामुळे श्वासाची चूक ठळक भुतांऐवजी फिक्या रेघोट्यांत विखुरते. २०१४ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील फेंग आणि सहकाऱ्यांनी लागोपाठच्या रेषांत १११.२५ अंशांचा सुवर्णकोन ठेवून, रोगी मोकळेपणी श्वास घेत असतानाच, औषधाच्या साऱ्या अवस्था टिपल्या. २०१६ साली तीच सामग्री श्वासाच्या अवस्थांप्रमाणे वेगळी लावून दाखविण्यात आली. जी हालचाल दोष म्हणून टाकून द्यावयाची, ती चित्राचे एक नवे परिमाण झाली. कुवलयानंदांच्या प्रयोगांत श्वासाला जे स्थान होते, ते त्यास निराळ्या मार्गाने परत मिळाले.

या नव्या पद्धतींत मोजलेली सामग्री अपुरी असते आणि उरलेली गणिताने भरून काढली जाते. २००७ साली लुस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी विरळ सामग्रीवरून चित्र उभारण्याचा पाया घातला. अलीकडे शिकविलेली संगणकीय जालेही हे काम करतात. चित्र डोळ्यांस फार सुंदर दिसते. येथे मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. अनेक पोथ्यांतून पाठ ठरविताना सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही तुटलेल्या जागी निर्णय घ्यावे लागले. परंतु जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली, आणि वाचकाला कोठे सावध राहावयाचे ते कळले. यकृताच्या गुळगुळीत चित्रात, कोणता बिंदू मोजलेला आणि कोणता अनुमानाने भरलेला, हे सांगणारी अशी रेघ सहसा नसते. भुते असलेल्या जुन्या चित्रात निदान दोष उघडा दिसत असे.

भारतात एम्. आर. आय.चे पहिले यंत्र १९८६ साली दिल्लीच्या अणुवैद्यक संस्थेत बसले. मुंबईच्या 'समीर' या संस्थेने दीड टेस्लाचे देशी यंत्र बांधून त्याच्या चाचणीसाठी २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेशी करार केला. यंत्र देशी झाले की त्यात भरलेल्या सूचनांची भाषाही येथेच ठरेल. मोकळ्या श्वासाच्या पद्धती जेथे पोहोचल्या आहेत, तेथे त्या सूचनेचे क्रियापद बदलून 'सावकाश श्वास घेत राहा' असे झाले आहे. इतरत्र, आणि धमनी-अवस्थेच्या त्या काही सेकंदांपुरते पुष्कळ ठिकाणी, रोग्याला अजून 'रोखून धरा' हेच ऐकावे लागते.